झीलकऱ्याची बायको

“डोळं दिपल्याबिगर कार्यक्रमाचं नाव निघत न्हाई, कपिल्या,” तारिक म्हणाला आणि समोर स्टेजच उभे असल्यासारखा त्याने हातातला पाना हवेत फिरवला. “सांगलीत मी बघितला त्यो ऑर्केस्ट्रा सांगतो तुला. स्टेजवर धूर सोडला हुता, धूर! गाणारी बाई ढगातनं उतरल्यागत आली.”

“आन गाणं?”

“गाणं चांगलंच आसंल की. ऐकतंय कोन? मी धुराकडं बघत हुतो.”

कपिल हसला. कुपवाडमधल्या त्या दोन खोल्यांपुढच्या फरशीवर सुट्टीच्या दिवसाचे ऊन निवांत पसरले होते आणि त्या उन्हात कपिलची स्कूटर पोट उघडून पडली होती. तो आणि तारिक एकाच वर्कशॉपात लेथवर कामाला. आठवडाभर लोखंड कापायचे आणि सुट्टीला पुन्हा लोखंडच उघडून बसायचे, असा दोघांचा शिरस्ता. यंदा गल्लीतल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाची जबाबदारी कपिलवर आली होती. ऑर्केस्ट्रा आणावा की गायन पार्टी, यावर गेल्या तीन बैठका मोडल्या होत्या.

उंबऱ्यात लक्ष्मीबाई लसूण सोलत बसली होती. कपिलची आई. नवरा ज्योतिबा गेल्यानंतर वडूजकडचे घर बंद करून ती मुलाकडे आली, त्याला दोन पावसाळे झाले होते. माळावरच्या कोरड्या वाऱ्याची सवय असलेल्या तिच्या कानांना कारखान्यांचा भोंगा अजूनही परका वाटे. तो वाजला की ती हातातले काम थांबवी आणि तो संपेपर्यंत थांबे. कुणी वडीलधारे बोलत असताना थांबावे तशी.

“मावशी,” तारिक तिच्याकडे वळला, “तुमीच न्याय करा. तुमी बघितलेला सगळ्यात भारी कार्यक्रम कंचा?”

“एकच बघितला रं बाबा. भारी का हलका, कुनासंगं तोलू?”

“एकच? कपिलचा बाप पार्टीत गाणारा, आन तुमी एकच कार्यक्रम बघितलासा?”

“त्यो गाणारा न्हवता. झीलकरी हुता.” लक्ष्मीबाईने सोललेली पाकळी ताटलीत टाकली. “आन त्या कार्यक्रमात शाहीर आर्ध्यातनं गप झाला.”

“म्हंजी कार्यक्रम फसला की!”

“आसं कसं म्हनू?” लक्ष्मीबाई म्हणाली. “त्यासारका दुसरा हुनार न्हाई.”

आतून तिची सून स्वप्ना ओल्या हातांनी दाराशी आली. या घरात येऊन तिला वर्ष झाले होते. सासूच्या तोंडून सासऱ्याचे नाव निघाले की ती कामे टाकून येई, कारण ज्योतिबाला तिने पाहिलेच नव्हते. “आत्ती, झीलकरी म्हंजी काय करतो वो?”

लक्ष्मीबाईने लसणाचा नवा गड्डा उचलला. एका माणसाचे सगळे आयुष्य ज्या शब्दात मावले होते, तो शब्द उलगडून सांगायला ती सुरुवात कुठून करणार होती?

शाहीर पुढे उभा राहतो, झीलकरी मागे. शाहीर ओळ टाकतो आणि ती अर्ध्यावर सोडून देतो. ती सुटलेली ओळ खाली पडायच्या आत झीलकऱ्याने उचलायची, पुरी करायची आणि शाहिराला नव्या ओळीसाठी श्वास मिळवून द्यायचा. टाळ्या शाहिराला, नारळ शाहिराला, शाल शाहिराला. श्वास कुणी दिला, हे कुणी विचारत नाही. झीलकऱ्यालाही तशी सवय नसते.

ज्योतिबा पेशाने गवंडी. दिवसा दगडावर दगड चढवायचा, आणि शाहीर आप्पासोंचा निरोप आला की अंगावरची माती धुऊन, पांढरा सदरा घालून पार्टीबरोबर निघायचा. पार्टी म्हणजे तरी काय: आप्पासो, पेटीवर इमाम, ढोलकीला जो मिळेल तो, आणि मागे कानावर हात ठेवून उभा ज्योतिबा. खटाव-माण तालुक्यांतल्या किती वस्त्यांवर ते गायले असतील, याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. कार्यक्रम रात्रीचे, परगावचे. घरी लेकरे लहान, म्हैस दावणीला. लक्ष्मीबाई एकाही कार्यक्रमाला गेली नव्हती.

ती ऐकायची ते घरातले गाणे. आणि घरातले गाणे विलक्षण होते. आंघोळ करताना, ओळंब्याची दोरी गुंडाळताना, म्हशीला पाणी दाखवताना ज्योतिबा गायचा ती फक्त आपली झील. शाहिराची ओळ त्याच्या मनात वाजत असणार. तेवढा वेळ तो स्तब्ध उभा राही, डोळे जमिनीवर, हात कानाशी, आणि मग त्या स्तब्धतेला फोडून एकदम पहाडी आवाज उठे: “...भीमा, तुझ्या पावलानं, तुझ्या पावलानं!” पुन्हा स्तब्धता. पुन्हा झील. कपिलला लहानपणी वाटायचे, गाणे म्हणजे असेच असते. थोडा वेळ गप्प राहायचे, मग ओरडायचे.

लक्ष्मीबाईला अशी कितीतरी गाणी अर्धी पाठ होती. कुणाच्या तरी पावलाने काहीतरी घडले, हे तिला ठाऊक होते. काय घडले, ते नव्हते. “म्हणून मी मागं फिरलो न्हाई,” असे तिचा नवरा छाती काढून गात असे. का फिरला नाही, ते शाहिराजवळ राहिले होते. आणि सगळ्यांत तिच्या जिवाला लागलेली झील होती: “...तवा उजाडलं गं, तवा उजाडलं.”

केव्हा उजाडले? काय झाले तेव्हा उजाडले?

चुलीपुढे बसल्या बसल्या ती स्वतःच्या मनाने ओळी जुळवू लागली. ओठांतल्या ओठांत, धुराला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. म्हशीनं बादली लाथाडली — तवा उजाडलं. शेजारणीनं उसनं मीठ परत आणलं — तवा उजाडलं. सासूबाईस्नी झोप लागली — तवा उजाडलं. स्वतःशीच हसायची आणि फुंकणीने चूल फुंकायची. कधी कधी मात्र हसू येत नसे अशीही ओळ सुचून जाई. ती ओळ ती राखेत निखारा झाकावा तशी झाकून ठेवी.

एकदा तिने स्पष्टच विचारले होते, “आवं, तुमी येक गाणं पुरतं म्हना की. पयल्यापासनं.”

“पयली वळ आप्पाची,” ज्योतिबा म्हणाला.

“हितं घरात कुठं हाईत आप्पा?”

“नसूं दे. वळ त्येंची हाय ती हाय.”

हे उत्तर तिला सलत राहिले. आप्पासोंची बायको मनुबाई आडावर घागर बुडवताना नवऱ्याच्या शालींचे रंग सांगायची. मनाने वाईट नव्हती ती, पण एकदा बोलता बोलता बोलून गेली, “लक्षुमे, तुझा मालक म्हंजी आमच्या ह्येंची सावलीच बघ. ह्ये हलले की हलतो.” बायका हसल्या. लक्ष्मीबाईही हसली, आणि घागर डोईवर घेऊन वाटभर रडली. त्या दिवसापासून तिची एकच इच्छा उरली. मरायच्या आधी एकदा, एकच गाणे, आपल्या माणसाच्या तोंडून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायचे. चार माणसांत. त्याने पुढे उभे राहून.

त्र्याण्णव सालची बुद्धपौर्णिमा. शेजारच्या गावात नवा विहार उभा राहिला होता. रात्री वीज जायची, म्हणून कार्यक्रम सकाळच्या प्रहरी ठरला. आणि दिवसाचा कार्यक्रम म्हणून लक्ष्मीबाईला न जायला सबब उरली नाही. लेकरे मोठी झाली होती. पांढरे लुगडे नेसून, मनुबाईच्या शेजारी, ती पार्टीच्या टेंपोत बसली. वाटेत इमाम पेटी मांडीवर घेऊन म्हणाला, “वैनी, आज झीलकऱ्याची परीक्षा हाय. घरचा मास्तर आलाय तपासायला.” ज्योतिबा लाजून बाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखे काहीही नव्हते. उन्हाने पांढरा पडलेला माळ आणि त्यावर एखादी बाभळ.

वंदना झाली. भंतेजींचे बोलणे झाले. लिंबाखाली बांधलेल्या कापडी मांडवात माणसे दाटीवाटीने बसली. मग आप्पासो पुढे आले. पांढरी दाढी, निळा फेटा, ताठ कणा. त्यांनी माइकच्या दांडीला हात लावला, इमामच्या पेटीने सूर धरला, आणि ज्योतिबाने मागे उभे राहून कानावर हात ठेवला. घरातल्यासारखाच.

“कोरड्या आडाला पाझर फुटला —” आप्पासो गायले.

“भीमा, तुझ्या पावलानं, तुझ्या पावलानं!” ज्योतिबाने उचलले.

म्हणजे पाझर फुटला होता. एवढी वर्षे तिच्या घरात जे पाऊल वाजत होते, त्याने कोरड्या आडाला पाझर फुटला होता! लक्ष्मीबाईने तोंडावर पदर धरला. ज्या भिंतीची एकच बाजू आपण वर्षानुवर्षे सारवत आलो, तिच्या पलीकडे गेल्यावर तिथेही एक अंगण असावे, ऊन पडलेले, झाडलेले, तसे तिला झाले. दुसरे गाणे सुरू झाले. “मागल्या पोरांनी वाट इचारली —” “म्हणून मी मागं फिरलो न्हाई!” तिला वाटत होते, हे कुणा हट्टी माणसाचे गाणे आहे. ते वाट दाखवणाऱ्याचे गाणे निघाले. तिने मनोमन ज्योतिबाची माफी मागितली. या झीलवरून तिने त्याला कितीदा टोमणे मारले होते.

तिसरे गाणे तिचे होते.

“हाती पाटी न् पेन्सिल आली —” “तवा उजाडलं गं, तवा उजाडलं!” मांडव डोलू लागला. “वेशीभाईरली वाट गावात शिरली —” आणि इथे, ‘शिरली’वर, आप्पासोंचा आवाज तुटला. खोकला नाही, ठसका नाही. दोर तुटून बादली आडात जावी तसा आवाज आत गेला आणि वर आलाच नाही. तोंड उघडे, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि माइकमधून फक्त श्वास.

मनुबाईने लक्ष्मीबाईचा हात गच्च धरला. “कराडच्या डाक्टरनं गाऊ नगा म्हनून सांगितलंय,” ती कुजबुजली. “महिना झाला. कुनाला बोलले न्हाईत. लक्षुमे, आज त्येंची जागा कुनी घेतली, तर ह्यो मानूस घरात जाऊन जो निजंल त्यो उठायचा न्हाई गं.”

ज्योतिबाने झील उचलली होती, पुरी केली होती. आता पुढची ओळ हवी होती. इमाम पेटी सोडत नव्हता. त्याने मान वळवून ज्योतिबाकडे पाहिले आणि हनुवटीने पुढे हो म्हणून खुणावले. मांडवातून कुणीतरी ओरडले, “झीलकरी, तुमी म्हना की! तुमास्नी येतंय सगळं!” दुसरा म्हणाला, “व्हा फुडं, गडी!”

त्याला येत होते. सगळ्या गाण्यांच्या सगळ्या ओळी त्याला येत होत्या, हे लक्ष्मीबाईइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्या त्याच्या स्तब्धतेत वाजताना तिने रोज पाहिल्या होत्या. तिच्या हाताला मनुबाईची नखे रुतत होती, आणि तिच्या छातीत एकच शब्द धडका देत होता: म्हना. आवं, म्हना.

इमामची पेटी शाहिराच्या ओळीची चाल एकटीच चालून गेली. ज्योतिबा जागचा हलला नाही. डोळे जमिनीवर, हात कानाशी. ओळीला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तो गप्प उभा राहिला. आणि वेळ संपताच, पुढे कुणी गायलेच आहे अशा पूर्ण भरवशाने, त्याने आवाज उठवला:

“तवा उजाडलं गं, तवा उजाडलं!”

पोरे हसली. कुणीतरी शिट्टी मारली. पेटी पुन्हा फिरली. पुन्हा ती रिकामी जागा, पुन्हा झील. लक्ष्मीबाईला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. भर मांडवात, शेकडो माणसांसमोर, तिचा नवरा घरच्यासारखा अर्धे गाणे गात होता. सवयीने बांधलेला हा माणूस, तिला वाटले, आता यातून कधी सुटायचा नाही.

मग पाठीमागून, खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने, आपल्यालाच सांगावे तशी, थरथरत्या आवाजात पुढची ओळ म्हटली: “आमच्या पायरीवर आमी बसलो —”

“तवा उजाडलं गं, तवा उजाडलं!” ज्योतिबाने उचलले. तसेच, तेवढ्याच ताकदीने, जसे आप्पासोंचे उचलत असे.

हसणारी पोरे गप्प झाली. पुढची ओळ बायकांच्या बाजूने आली, दोघी-तिघींच्या तोंडून, थोडी पुढेमागे. त्याच्या पुढची पुरुषांकडून. आप्पासोंनी वर्षानुवर्षे पेरलेल्या ओळी माणसांच्या घरांत, रानांत, गाड्यांत राहायला गेल्या होत्या. आज बोलावल्यासारख्या त्या परत आल्या. ज्याला जी आठवेल ती त्याने म्हणावी आणि ज्योतिबाने ती खाली पडू देऊ नये. मुलांचे आवाज, घोगरे आवाज, सूर चुकलेले आवाज; प्रत्येकाला तो शाहिराचा मान देत होता. आप्पासो माइकशेजारी उभे होते. गालांवरून ओघळणारे पाणी पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

पण या गाण्याला एक रीत होती. शेवटची ओळ दर गावाला नवी. आप्पासो ती तिथल्या तिथे उभ्या उभ्या जुळवायचे आणि त्या गावाला देऊन टाकायचे. पुन्हा कुठे म्हणायचे नाहीत. ‘गावाची ओळ’ म्हणत तिला. पाठ असलेल्या ओळी संपल्या आणि मांडव एकाएकी थांबला. ही ओळ कुणाजवळच नव्हती. पेटी फिरली. रिकामी जागा आली, गेली. झील आली. पुन्हा पेटी फिरली. लोक एकमेकांकडे पाहू लागले. आप्पासोंनी ओठ हलवले आणि मान खाली घातली.

आपण केव्हा उभ्या राहिलो, हे लक्ष्मीबाईला पुढेही कधी आठवले नाही. आपला हात मनुबाईच्या हातातून सुटला, की आपण मनुबाईलाही उभे केले, तेही नाही. राखेत झाकलेला निखारा तेवढा तिला दिसला. चूल फुंकताना निघतो तेवढाच श्वास लागला, पण आवाज मात्र माळभर गेला:

“चुलीम्होरल्या बाईला कुनी नाव इचारलं —”

इमामची बोटे क्षणभर चुकली. ज्योतिबाने डोळे वर केले. झील घेताना तो कधीच कुणाकडे पाहत नसे. त्या दिवशी त्याने पाहिले. पाहता पाहता ओळ खाली येत होती, आता पडणार, पडली, असे लक्ष्मीबाईला वाटले. आणि अगदी जमिनीपाशी त्याने ती झेलली.

“तवा उजाडलं गं! तवा उजाडलं!”

असा आवाज तिने घरात कधी ऐकला नव्हता. आणि तेव्हा आप्पासो हलले. माइक सोडून ते चार पावले मागे गेले, ज्योतिबाच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी आपला हात आपल्या कानावर ठेवला. तिने ती ओळ पुन्हा टाकली. या खेपेला दोघांनी झील घेतली, एकाने आवाजाने आणि एकाने नुसत्या ओठांनी. शाहीर आप्पासो आणि ज्योतिबा गवंडी, एका रांगेत, चुलीपुढच्या बाईचे झीलकरी.

मनुबाई रडत होती आणि हसत होती. “मेले, कुठनं आनलीस गं ही वळ?” असे म्हणत तिने लक्ष्मीबाईच्या पाठीत धपाटा घातला.

टेंपो परत निघाला. आप्पासो फेटा मांडीवर घेऊन झोपले होते. मनुबाईने त्यांचे डोके खांद्यावर घेतले होते. घराशी उतरल्यावर, म्हशीपुढे वैरण टाकताना, लक्ष्मीबाईने विचारले, “समदी म्हनत हुती, तर तुमी फुडं का झाला न्हाईसा?”

“ती जागा आप्पाची हाय.”

“आन मानसांनी म्हटलं तवा?”

“मानसांनी जागा घेतली न्हाई. मानसांनी आप्पाच्या वळी आप्पाला परत दिल्या.” ज्योतिबाने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. “मी फुडं जाऊन हुबा ऱ्हायलो आसतो, तर मग फकस्त मीच गायलो आसतो.”

लक्ष्मीबाईला पटले की नाही, तिचे तिलाच कळले नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “सासूबाईस्नी झोप लागली.”

“काय?”

“तवा उजाडलं.” तो गालांत हसत होता.

तिच्या हातातली पेंढी खाली पडली. “तुमी ऐकत हुतासा? इतकी वर्सं?”

“मागल्या भिंतीला कान लावून. ती मिठाची वळ बी झ्याक हाय.”

“मग कवा बोलला न्हाईसा त्ये?”

“तू मनातल्या मनात म्हनायचीस,” ज्योतिबा म्हणाला. “मनातल्या वळीला झील कशी घ्याची? कुनी मोठ्यानं टाकावी लागती. म्या वाट बघत हुतो.”

आप्पासो त्यानंतर गायले नाहीत. पण कुणी त्यांची जागाही घेतली नाही. पार्टी मोडली, आणि इमाम अधूनमधून पेटी घेऊन ज्योतिबाच्या ओसरीवर येऊ लागला. लक्ष्मीबाई भाकरी थापता थापता आतून ओळ टाकी आणि बाहेरून झील येई. दगडाच्या धुळीने ज्योतिबाची छाती भरत आली तशी झील बारीक होत गेली. शेवटी शेवटी तो बाजेवर पडून फक्त बोटांनी ताल धरी. तरी ओळीपुरता थांबायचा तो थांबेच. एका संध्याकाळी ती ओळ टाकून दाराकडे कान देऊन राहिली, आणि मग भाकरी तशीच तव्यावर टाकून बाहेर गेली.

हे सगळे तिने त्या तिघांना सांगितले असे नाही. काही सांगितले, काही लसणाच्या सालींबरोबर पदरातून खाली झटकले. तारिक पाना खाली ठेवून केव्हाच उंबऱ्याजवळ येऊन बसला होता. स्वप्नाच्या हातांवरचे पाणी वाळून गेले होते.

“मावशी,” तारिक म्हणाला, आणि त्याच्या आवाजात धुराचा मागमूस नव्हता, “ती वळ म्हना की येकदा.”

“ती न्हाई म्हनता यायची रं. ती त्या गावाला दिलेली हाय.”

“मग आमच्या कुपवाडाला येक द्या.”

लक्ष्मीबाईने त्याच्याकडे पाहिले. या नव्या गावात तिच्याकडे कुणी काही मागितल्याला बरेच दिवस झाले होते. तिने ताटली बाजूला सारली. पदर सावरला. मनात तिने आप्पासोंना, इमामला, त्या खांबाला टेकलेल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना एकदा हात जोडले. लेथवर लोखंड सोलणाऱ्या या पोरांपुढे आपण रित्या हाताने बसलेलो नाही, याबद्दल तिचे मन भरून आले.

“भोंग्याच्या गावामंदी कुनी गाणं मागितलं —”

आवाज म्हातारा झाला होता, पण ओळ नीट वर गेली. आणि अर्ध्यावर, सुटायच्या जागी, तिने ती सोडली.

स्वप्नाला झील आता ठाऊक झाली होती. तिने श्वास घेतला. तेवढ्यात तिचे लक्ष सासूच्या चेहऱ्याकडे गेले. लक्ष्मीबाई डोळे मिटून, मान थोडी कलती करून, ऐकत होती. स्वप्नाने घेतलेला श्वास हळूच सोडून दिला.

कपिल पाठमोरा, स्कूटरपाशी उकिडवा बसला होता. त्याच्या हातातला पाना फरशीवर वाजू लागला, सावकाश, बापाच्या तालात. शब्द त्याने घेतले नाहीत. ज्योतिबाच्या एका झीलएवढी जागा त्या उन्हात मोकळी राहिली.

ती पुरी भरली, तशी लक्ष्मीबाईने पुढची ओळ टाकली.